‘कळलं का?’ हा प्रश्न बाद

संवादकौशल्य हा पेपर आमच्या विभागात कुणालाच नको असतो. भाषेच्या लोकांना वाटतं हा व्यवस्थापनाचा विषय, व्यवस्थापनाच्या लोकांना वाटतं हा भाषेचा. विद्यार्थ्यांना तर तो विषयच वाटत नाही. ‘बोलता येतंच की आम्हाला’ हा त्यांचा पक्ष. तीन वर्षांपूर्वी वेळापत्रक लागलं तेव्हा हा पेपर फिरत फिरत माझ्या पदरात पडला. नाव मात्र भारदस्त झालं होतं, ‘विविध श्रोतृवर्ग आणि संस्कृतींसाठी परिणामकारक संवाद’. विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, जुन्या नोट्स आहेत, त्यावर निभावून न्या.” मी हो म्हटलं. साठेक मुलं, आठवड्याला चार तास, एक सत्र. त्या सत्रात नोट्सचं काय झालं आणि माझं काय झालं, ते लिहिते आहे.

पहिल्या तासाला मी फळ्यावर तीच आकृती काढली जी मला माझ्या शिक्षकांनी दाखवली होती. पाठवणारा, संदेश, माध्यम, स्वीकारणारा आणि मधे अडथळा. मुलांनी पट्टीनं बाण काढून ती वहीत उतरवली. ही आकृती मुळात क्लॉड शॅनन या अभियंत्याची, १९४८ ची, तारेतून जाणाऱ्या संकेतांबद्दलची. संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्यानं सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. म्हणजे ज्यानं अर्थ मुद्दाम बाजूला ठेवला, त्याच्या आकृतीवरून आम्ही ‘समजणं-समजावणं’ शिकवत आलो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नोट्स तपासून बघायची वेळ आली ती पुढच्या आठवड्यात, एका मुलानं मला तोंडावर पाडल्यावर.

त्या तासाची स्लाइड तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल : ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के, देहबोलीचा ५५ टक्के.’ मागच्या बाकावरून हात वर झाला. “मॅडम, मग परक्या भाषेतला सिनेमा सबटायटलशिवाय ९३ टक्के कळायला पाहिजे.” वर्ग हसला. मीही हसले, ‘चांगला प्रश्न’ म्हटलं आणि पुढे सरकले. उत्तर येत नसलं की शिक्षक ‘चांगला प्रश्न’ म्हणतो, हे मुलांना कधीच कळलेलं असतं.

घरी जाऊन शोधलं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून जुळवलेले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते. दुसऱ्यात एकच शब्द, ‘मेबी’, वेगवेगळ्या स्वरांत आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढाच प्रश्न; आणि शब्द, सूर, चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढंच उत्तर. त्याचं सगळ्या संवादाचं सूत्र करून आम्ही ते पिढ्यान् पिढ्या घोकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, वहीतलं खोडा. एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, परीक्षेत आलं तर?” म्हटलं, “परीक्षेत आलं तर लिही, गुण घे, आणि बाहेर कुणाला सांगू नकोस.”

त्या दिवसापासून वर्ग माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागला. चुकलं तर ही बाई कबूल करते, एवढं त्यांना दिसलं होतं. नोट्स मी कपाटात ठेवल्या, आणि आता उद्याच्या तासाला काय करायचं या विचारानं मला घाम फुटला.

सुचली ती एक जुनी गंमत. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं १९९० मध्ये आपल्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला होता. एकानं ओळखीचं गाणं मनात म्हणत बोटांनी टेबलावर ताल धरायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. आम्ही वर्गात जोड्या लावल्या. पाचच मिनिटांत सगळीकडून एकच ओरडा, “अगं इतकं सोपं आहे! हे पण नाही कळत?” एक मुलगी तर समोरच्या मैत्रिणीवर खरोखर चिडली. तिच्या डोक्यात पेटी-तबल्यासकट गाणं सुरू होतं आणि मैत्रिणीच्या कानावर नुसती टकटक पडत होती. याला ‘ज्ञानाचा शाप’ असं नाव आहे. तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ते वापरलं. एकदा गोष्ट कळली की ती न कळणं म्हणजे काय, हे माणसाला आठवतच नाही. नाव मुलं विसरली, टकटक विसरली नाहीत. पुढे सत्रभर कुणी अगम्य बोलायला लागला की वर्ग बाकांवर बोटं वाजवायचा. दोन-तीनदा माझ्यासाठीही वाजली.

मग मी ‘श्रोते ओळखा’ या घटकाला हात घातला. गृहपाठ दिला : आपला प्रकल्प चार जणांना समजावणारी चार टिपणं लिहा. एक परीक्षकासाठी, एक आजीसाठी, एक शाळकरी मुलासाठी, एक प्रकल्पाला पैसे देऊ शकणाऱ्या माणसासाठी. मला वाटलं होतं, झकास कल्पना आहे. साठ गुणिले चार टिपणं वाचल्यावर नशा उतरली. साठही आज्या एकसारख्या होत्या. सगळ्या भोळ्या, सगळ्यांना मोबाइल उचलता येत नाही, सगळ्यांशी ‘आजी, तुला हे कळायचं नाही, पण सोपं करून सांगतो’ असं सुरू. शाळकरी मुलं सगळी ‘बाळांनो’. पैसेवाला फक्त नफ्याचं ऐकणारा. मुलांनी श्रोत्यासाठी लिहिलंच नव्हतं, डोक्यातल्या बाहुल्यांसाठी लिहिलं होतं. आणि त्या बाहुल्या हातात दिल्या कुणी? मीच. ‘आजी’ असा शब्द देऊन मोकळी झाले होते.

म्हणून पुढच्या आठवड्यात सांगितलं : जा, आणि खऱ्या माणसाला सांगा. सांगून झालं की ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही. हा प्रश्न बाद. ‘कळलं का’ला माणूस ‘हो’च म्हणतो, न कळल्याची लाज तरी वाटते किंवा समोरच्याला वाईट वाटू नये असं तरी वाटतं. त्याऐवजी म्हणायचं, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या तुम्हाला हे दुसऱ्या कुणाला सांगायचं झालं तर काय सांगाल?” आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता, उतरवून आणायचं. ही युक्ती माझी नव्हे. वैद्यकीय क्षेत्रात ती रूढ आहे. औषध कसं घ्यायचं ते सांगून झालं की रुग्णाकडूनच वदवून घेतात, आणि चुकलं तर दोष सांगणाऱ्याचा धरतात. मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘उलटसांग’.

पहिली उलटसांग घेऊन आला तो इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा. हुशार, बोलका, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला. त्याचा प्रकल्प होता चेहरा ओळखून फाटक उघडणारी यंत्रणा. त्यानं श्रोता निवडला वसतिगृहाच्या फाटकावरचे रखवालदार काका. त्याचं गणित सरळ होतं : काका फारसे शिकलेले नाहीत, त्यांना कळलं की कुणालाही कळेल. कॅमेरा, चेहऱ्याची मापं, नोंदीशी जुळवणं, सगळं त्यानं छान सोपं करून सांगितलं. एक उपमाही दिली, “काका, तुम्ही नाही का आम्हाला चालण्यावरून ओळखत, तसंच.” शेवटी फायदा सांगितला, “म्हणजे मग फाटकावर कुणी बसायची गरजच नाही.”

काका म्हणाले, “मग मी कुठं बसू?”

वहीत त्यानं एवढंच लिहून आणलं होतं. पुढं कोरं. म्हटलं, “मग तू काय म्हणालास?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून पुन्हा कॅमेऱ्यापासून सुरुवात करणार होतो. मग लक्षात आलं, त्यांना सगळं कळलंय.”

त्या एका ओळीवर आम्ही वर्गात दोन तास बोललो. तोवर आमच्या हिशेबी श्रोता म्हणजे माहितीची पातळी. जास्त शिकलेला, कमी शिकलेला. अवघड शब्द, सोपे शब्द. काकांच्या प्रश्नानं दाखवलं की श्रोता आपलं पोट, आपली भीती, आपला मान घेऊन समोर बसलेला असतो आणि आपलं वाक्य आधी त्यांना जाऊन लागतं. एकीनं विचारलं, “म्हणजे मॅडम, त्यांना लागू नये म्हणून खोटं सांगायचं का?” यावर वर्गात जुंपली. मी मधे पडले नाही. खरं तर मलाच उत्तर सुचत नव्हतं. शेवटी त्या मुलानंच ठरवलं की काकांकडे परत जायचं, सांगायला नव्हे, विचारायला : रात्री फाटकावर तुम्ही काय काय करता? यादी घेऊन आला ती दोन पानांची. तापानं फणफणलेल्या मुलाला रात्री दोन वाजता गाडी बघून देण्यापासून, घरी भांडून आलेल्या मुलाला आत सोडण्याआधी पाच मिनिटं बाकावर बसवण्यापर्यंत. यातलं चेहरा ओळखण्याचं काम एकच होतं.

सगळ्याच उलटसांगी अशा नव्हत्या. एकानं आजीच्या तोंडी ‘ही प्रणाली वापरकर्तास्नेही व किफायतशीर आहे’ असं वाक्य घातलं होतं. त्याला विचारलं, “आजी कुठल्या विद्यापीठाच्या?” तो लाजून हसला. सात-आठ जणांनी तरी खोलीत बसून उलटसांगी रचल्या असाव्यात. खऱ्या उलटसांगी ओळखणं सोपं होतं, त्यांत सांगणाऱ्याची फजिती असायची.

सत्राच्या मध्यावर दुसरा भाग सुरू झाला, संस्कृतींचा. परदेशातल्या एका महाविद्यालयातल्या वर्गाशी आमची जोडी ठरली होती. पाच आठवडे, मिश्र गट, मिळून एक छोटा अहवाल, भाषा इंग्रजी. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की वाचणारा लगेच ‘हं, ते लोक असेच’ म्हणून मोकळा होतो, आणि आमचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

इथं मी पुन्हा जुनी चूक केली. मुलांच्या हाती तक्ते दिले. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाची १९७६ ची विभागणी : काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घेतलं जातं, काहींत सगळं शब्दांत मांडावं लागतं. मग गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाचे देशोदेशींच्या संस्कृतींचे आकडे. सत्तेचं अंतर, म्हणजे वरचा-खालचा हा भेद लोक किती मानून घेतात, ते इतकं, व्यक्तिवाद तितका. मुलांना आकडे आवडतात. त्यांनी ते पाठ केले.

पहिल्या आठवड्याच्या मेल्स मी वाचल्या तेव्हा हसावं की रडावं कळेना. आमची एरवी ‘आदरणीय महोदया’शिवाय अर्जही न लिहिणारी मुलं, समोरचे थेट बोलणारे म्हणून, ‘तुमची फाइल आली नाही. आज पाठवा.’ एवढंच लिहून मोकळी झाली होती. तिकडच्या मुलांनीही आमच्याबद्दल कुठले तरी तक्ते वाचले असणार. त्यांची मेल होती दीड पानाची. घरच्यांची चौकशी, हवामान, आमच्या प्राचीन परंपरेबद्दल आदर, आणि तळाशी, जरा संकोचून, फाइल उद्या दिली तर चालेल का. दोन्हीकडचे एकमेकांचे कपडे घालून भेटायला आले होते, आणि कुणाच्याच अंगाला ते बसत नव्हते. तिकडच्यांना वाटलं आम्ही चिडलोय. आमच्यांना वाटलं, एवढं गोड बोलतायत म्हणजे काहीतरी लपवतायत.

तेव्हा तक्त्यांची जन्मकथा सांगावी लागली. हॉफस्टेड यांचे मूळ आकडे आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून, १९६७ ते १९७३ या काळात गोळा झालेले. आकडे सरासरी सांगतात; पडद्यावर समोर बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी म्हणजे सरासरी नव्हे. मी तक्ते फेकून दिले नाहीत. पाऊस पडेल का बघायला आभाळाकडे पाहावं तितपत ते उपयोगी आहेत. पण मेल लिहिण्याआधी तक्ता बघायचा, की समोरच्याची आधीची मेल परत वाचायची, यात दुसरं दर वेळी जास्त कामी आलं. तिनं नमस्कार घातला तर तूही घाल. ती दोन ओळींत आटपते तर तूही आटप. एवढ्या साध्या गोष्टीपर्यंत यायला आम्हाला दोन आठवडे गेले.

तिसऱ्या आठवड्यात खरा घोळ झाला. तिकडून विचारणा : शुक्रवारपर्यंत सर्वेक्षणाची माहिती मिळेल का? आमच्या गटाचं उत्तर : ‘आम्ही नक्की प्रयत्न करू.’ शुक्रवारी ते वाट बघत बसले. शनिवारी त्यांच्या शिक्षिकेची मला मेल, तुमच्या मुलांनी शब्द पाळला नाही. मुलांना विचारलं तर सगळी एका सुरात, “पण मॅडम, आम्ही नाहीच म्हणालो होतो ना! ‘प्रयत्न करू’ म्हटलं की!” आपण मराठीत ‘बघतो’, ‘बघू या’, ‘सांगतो तुम्हाला’ म्हणतो तेव्हा ऐकणारा पुढची सोय दुसरीकडे बघायला लागतो. नकाराची ही नाणी आपल्या बाजारात चालतात. शब्द भाषांतरित होतात, नाणं होत नाही.

त्या तासाला मी त्यांना एव्हिएन्का ५२ ची गोष्ट सांगितली. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं विमान, खराब हवा, केनेडी विमानतळावर गर्दी. एकूण ७७ मिनिटं ते वरच्यावर घिरट्या घालत ठेवलेलं. इंधन संपत आलं. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टननं सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना सांग की आपण आणीबाणीत आहोत. सहवैमानिकानं नियंत्रकाला आधी दिशा घेतल्याचं सांगितलं, पुन्हा प्रयत्न करू म्हणाला, आणि वाक्याच्या शेपटाला जोडलं, आमचं इंधन संपत चाललंय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यानं नियंत्रकाला शेवटपर्यंत सांगितला नाही. आधी त्यांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली होती. पण नियंत्रकाच्या लेखी सगळं बाजूला सारायला लावणारा शब्द ‘इमर्जन्सी’. विमान कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग एक मुलगा हळूच म्हणाला, “त्यानं सांगितलं होतं मॅडम. पण शेवटी सांगितलं.” त्यानंतर आमच्या मेल्समध्ये महत्त्वाचं वाक्य पहिल्या ओळीत यायला लागलं. नकार असला तर नकार, आणि त्याला लागून ‘सोमवारी नक्की देतो’ अशी खरी तारीख. तारखांचाही एक वेगळा तमाशा झाला. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल यावरून एक बैठक हुकली. वर्ष, महिना, दिवस या क्रमाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, तरी आम्ही सरळ महिन्याचं नाव अक्षरी लिहायचं ठरवलं.

दुसरा एक घोळ मला फार आवडला, कारण तो आपल्या भाषेच्या पोटातून निघाला होता. आमच्या मुलीनं लिहिलं, ‘वुई शुड चेंज द टॉपिक.’ तिच्या मनात होतं ‘आम्ही’. आमच्या उपगटाचा विषय आम्ही बदलतो. तिकडच्यांनी वाचलं ‘आपण’, सगळ्यांनीच बदलायचा. त्यांनी दोन दिवस खपून आपला विषय बदलला. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर आपण ‘आपण’ म्हणतो, वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. इंग्रजीच्या ‘वुई’ला हा भेद माहीत नाही. जन्मभर ‘आम्ही-आपण’ करणाऱ्या मुलांनी हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं. त्या मुलीनं माफीच्या मेलमध्ये हा फरक समजावून सांगितला, तर तिकडून उत्तर आलं, आमच्या भाषेतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, तुम्हाला इंग्रजीत लिहिताना आम्ही मनात कुठलं धरलंय ओळखा! पाच आठवड्यांतली सगळ्यात रंगलेली बैठक ती.

व्हिडिओ बैठकांत मात्र आमची मुलं गप्प. तिकडून प्रश्न यायचा, इकडून शांतता, आणि तिकडचेच पुढे बोलायला लागायचे. त्यांचा अभिप्राय आला, तुमच्या मुलांना रस दिसत नाही. मी मुलांवर वैतागले. मग त्यांच्यातल्या एकीनं, जी वर्गातही सहसा बोलत नाही, मला चिठ्ठी लिहून दिली : ‘मॅडम, वाक्य मनात इंग्रजीत लागेपर्यंत वेळ निघून जातो. वर्गात तुम्हीपण थांबत नाही.’

शेवटचं वाक्य झोंबलं. मी थांबते की! मी तर मुलांना विचार करायला वेळ देणारी शिक्षिका. तरी एका तासाचं रेकॉर्डिंग केलं आणि रात्री घड्याळ घेऊन ऐकलं. प्रश्न विचारायचा, सेकंद-दीड सेकंद, की मीच उत्तर द्यायचे, नाहीतर प्रश्न फिरवून विचारायचे. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजून ठेवलंय. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. दहा भाषांतल्या गप्पांचा २००९ मधला एक अभ्यासही मग सापडला. प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर जपानीत सरासरी ७ मिलिसेकंद, डॅनिशमध्ये ४६९, बाकीच्या भाषा मधे कुठे तरी. म्हणजे माणसं सगळीकडे चटकन बोलतात, आणि अर्ध्या सेकंदाचाही उशीर कानाला ‘हा गप्प आहे’ असा लागतो. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर दोन-तीन सेकंद लागणारच.

तिकडच्या शिक्षिकेशी बोलून नियम केला : प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायचे. पाच सेकंद किती लांब असतात हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी माझ्या तळहातांना घाम आला. चौथ्या सेकंदाला चिठ्ठीवाली मुलगी बोलली. खूप काही नाही, दोन वाक्यं.

गुणांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. जुन्या गुणतक्त्यात ‘डोळ्याला डोळा भिडवणे’ला पाच गुण होते, ‘आत्मविश्वास’ला पाच. मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवणाऱ्या मुलीचे पाच गुण मी कुठल्या हक्कानं कापायचे? मी ते दोन्ही रकाने काढले आणि त्या जागी उलटसांग टाकली : श्रोत्याला आधी काय कळलं, मग तुम्ही काय बदललं, मग काय कळलं. विभागप्रमुखांनी विचारलं, “यात चुकलेल्यांना जास्त गुण मिळतात की हो.” ते खरंच होतं. पहिल्या फटक्यात समजावणाऱ्याकडे लिहायला काही उरत नव्हतं. शेवटी ‘स्पष्टता’ असा एक रकाना टाकून तडजोड केली. ती मला आजही पटलेली नाही.

आणि तो फाटकवाला मुलगा. त्यानं प्रकल्पाचं नावच बदललं. यंत्रणा चेहरे ओळखेल, पण दार उघडायचं की नाही हे काका ठरवतील, आणि नोंदवहीचं काम यंत्राकडे जाईल. काकांना नवं सादरीकरण दाखवलं. उलटसांगीत ते म्हणाले, “लिहायचं काम त्याचं, माणसाचं काम माझं.” हे वाक्य त्यानं पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाकलं.

वार्षिक तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यानं फाटक, रात्रीचे दोन, काकांची दोन पानी यादी, सगळं रंगवून सांगितलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि मनातल्या मनात पाठ थोपटत होते. परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अंधारात अचूकता किती येते? चाचणी किती चेहऱ्यांवर घेतलीत?”

त्याला आकडे आठवेनात. ते होते, त्यानंच काढले होते, पण काकांसाठी कापलेल्या स्लाइडांत गेले होते. तो कागद चाळत राहिला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता बाकावर बसला आणि बोटांनी टकटक करायला लागला.

“किती कापतील?” मी विचारलं.

“माहीत नाही मॅडम,” तो म्हणाला. “काकांकडे तीनदा गेलो होतो. यांना काय हवंय ते एकदाही कुणाला विचारलं नाही.”